परत आलेल्या मालाचा हिशेब

चि. शर्वरी हिस,


परतीचा माल बाहेरच्या कंपनीकडे सोपवायचं ठरवलंस, ते योग्यच केलंस. कोल्हापुरात बसून देशभरातून परत येणाऱ्या चपला किती दिवस सांभाळणार? पण तू पाठवलेल्या दरपत्रकांत पार्सलमागच्या दराखाली तेवढी रेघ मारली आहेस. तो आकडा सगळ्यात शेवटी बघायचा.

दर बहुधा अर्ध्या किलोचा असतो आणि प्रत्यक्ष वजन आणि खोक्याच्या मापावरून निघणारं वजन यांतलं जास्त असेल ते धरतात. मापावरून काढताना लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणून साधारणपणे 5000 ने भागतात. 30 बाय 20 बाय 10 चं खोकं 1.2 किलोचं ठरतं, म्हणजे दीड किलोचं बिल. तेव्हा आधी खोकं लहान कर.

आरटीओ, म्हणजे ग्राहकाने न घेताच परत आलेलं पार्सल, आणि ग्राहकाचा रिटर्न यांचे दर वेगळे माग. कॅश ऑन डिलिव्हरीचं पार्सल न घेताच परत आलं, तर माल बहुधा जसाच्या तसा असतो. ग्राहकाने उघडून परत केलेल्या जोडाला मात्र जाणती नजर लागते. तळ घासलाय का, दोन्ही पायांचा नंबर एकच आहे का, जोड आपलाच आहे की बदललेला, हे बघणारा माणूस त्यांच्याकडे आहे का? बऱ्याच कंपन्या फक्त वाहतूक करतात आणि तिलाच रिटर्न सांभाळणं म्हणतात.

म्हणून भिवंडीला त्यांच्या गोडाऊनमध्ये जा, तेही भर पावसाळ्यात. नव्या मालाचे रॅक सगळेच दाखवतील. तू परतीचा माल कुठे पडलाय ते बघ. प्लास्टिकच्या पिशवीत दमट राहिलेल्या चामड्याला बुरशी धरते आणि विकण्याजोगा जोड वाया जातो. आज आलेलं पार्सल कधी उघडता, हे मॅनेजरला नव्हे, तिथे काम करणाऱ्या पोरांना विचार.

करारात हे हवंच: उघडतानाचा फोटो, तपासणीची मुदत, हरवलेल्या किंवा बदललेल्या मालाची भरपाई. पुन्हा विकायचा, कारागिराकडे दुरुस्तीला पाठवायचा आणि निकाली काढायचा माल वेगळा ठेवायचा. निकाली माल तुझ्या लेखी परवानगीशिवाय कुणाला विकायचा नाही, नाहीतर तुझ्याच नावाचे खराब जोड फुटपाथवर दिसतील.

माल सदोष असेल किंवा वर्णनाप्रमाणे नसेल, तर 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही. पिकअपवाल्या मुलाने दारातच तो नाकारला, तरी जबाबदारी तुझीच. त्याला काय सांगायचं ते तूच लिहून दे.

ते गोडाऊन जीएसटी नोंदणीत अतिरिक्त ठिकाण म्हणून दाखव. प्रत्येक परतीसोबत मूळ बिलाचा नंबर आलाच पाहिजे. त्यावर काढलेली क्रेडिट नोट विक्रीचं आर्थिक वर्ष संपल्यावर येणाऱ्या 30 नोव्हेंबरपर्यंत किंवा वार्षिक विवरणपत्र भरेपर्यंत, जे आधी असेल तोपर्यंतच दाखवता येते.

सुरुवातीला एकाच राज्याचे रिटर्न देऊन बघ. आणि सही करण्याआधी कराराचा मसुदा मला पाठव.

तुझा,
मामा