दूरस्थ वैद्यकीय सल्ला : पर्याय, खर्च आणि नियम

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात आजारी माणसाच्या मार्गात पहिला अडथळा असतो तो अंतराचा. उपकेंद्र गावाजवळ असते. प्राथमिक आरोग्य केंद्र काही मैलांवर असते. परंतु हृदयरोग, त्वचारोग किंवा मनोविकार यांचे तज्ज्ञ बहुधा जिल्ह्याच्या ठिकाणीच भेटतात. सातपुड्यातील पाड्यावरून किंवा गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातून तेथवर जाऊन येण्यात एक संपूर्ण दिवस जातो आणि त्या दिवसाची मजुरीही बुडते. पुष्कळ रुग्ण याच कारणाने उपचार लांबणीवर टाकतात. ही अडचण काही अंशी दूर करण्याचे साधन म्हणून दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याकडे, म्हणजेच टेलिमेडिसिनकडे, पाहिले जाते. मात्र या साधनाचे प्रकार अनेक आहेत. कोणत्या प्रसंगी कोणता प्रकार उपयोगी, त्याला खर्च किती आणि त्यावर बंधने कोणती, याची माहिती गावपातळीवर काम करणाऱ्यांना असणे अगत्याचे आहे.

पार्श्वभूमी

भारतात या पद्धतीचा प्रयोग नवा नाही. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने २००१ साली उपग्रहाच्या साहाय्याने आंध्र प्रदेशातील अरगोंडा येथील ग्रामीण रुग्णालय चेन्नईच्या एका मोठ्या रुग्णालयाशी जोडले होते. परंतु डॉक्टरने रुग्णास समक्ष न तपासता औषध सांगावे की नाही, याविषयी स्पष्ट नियम दीर्घकाळ नव्हते. रत्नागिरीतील एका प्रकरणात दूरध्वनीवरून औषधे सांगितली गेली व प्रसूत महिलेचा मृत्यू झाला. त्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०१८ मध्ये संबंधित डॉक्टरांना अटकपूर्व जामीन नाकारला. त्यानंतर दूरध्वनीवर सल्ला देण्याबाबत वैद्यकीय व्यवसायात मोठी धास्ती निर्माण झाली. ही संदिग्धता २५ मार्च २०२० रोजी दूर झाली. त्या दिवशी केंद्र शासनाच्या आरोग्य मंत्रालयाने टेलिमेडिसिनविषयक मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. वैद्यकीय व्यावसायिकांच्या २००२ च्या आचारविषयक विनियमांचा ती भाग आहेत. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये नवे विनियम प्रसिद्ध केले होते. तथापि त्यांना त्याच महिन्यात स्थगिती देण्यात आली.

उपलब्ध पर्याय

पहिला पर्याय उपकेंद्रातून मिळणाऱ्या सल्ल्याचा. केंद्र शासनाच्या ‘ई-संजीवनी’ सेवेचा हा भाग नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाला. आयुष्मान आरोग्य मंदिर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाचा रक्तदाब, तापमान, रक्तातील साखर इत्यादी मोजतात आणि पडद्यावरून वरिष्ठ डॉक्टरांशी संपर्क साधतात. रुग्णाजवळ प्रशिक्षित माणूस असल्यामुळे डॉक्टरला केवळ रुग्णाच्या सांगण्यावर विसंबावे लागत नाही. उपकेंद्रात उपलब्ध असलेली औषधे तेथल्या तेथेच मिळतात. ही सेवा विनामूल्य आहे.

दुसरा पर्याय त्याच सेवेचा घरबसल्या उपयोग करण्याचा. तो एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात, सुरू झाला. मोबाइल क्रमांकाची नोंदणी केल्यावर रुग्णास टोकन मिळते, दृक्‌श्राव्य भेट होते आणि औषधांची चिठ्ठी मोबाइलवर येते. सल्ल्यास शुल्क नाही; परंतु औषध बाहेरून आणल्यास त्याचा खर्च रुग्णास करावा लागतो. शिवाय चांगला मोबाइल आणि चांगले नेटवर्क असल्याखेरीज हा पर्याय उपयोगी पडत नाही.

तिसरा पर्याय ‘टेली-मानस’चा. १० ऑक्टोबर २०२२ रोजी, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, सुरू झालेली ही सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते. मनाच्या दुखण्यासाठी दवाखान्याची पायरी चढण्यास संकोचणाऱ्यांना, तसेच परीक्षेच्या ताणाखाली असणाऱ्या विद्यार्थ्यांना तिचा विशेष उपयोग आहे. शाळेच्या सूचनाफलकावर हा क्रमांक कायम असावा.

चौथा पर्याय खाजगी डॉक्टर, रुग्णालये आणि कंपन्या यांचा. येथे तज्ज्ञाची निवड करता येते आणि वेळही सोयीची मिळते. मात्र शुल्क द्यावे लागते. या शुल्काचा दर नियमांनी ठरवून दिलेला नाही. यास्तव ते किती आहे आणि फेरसल्ल्यास वेगळे द्यावे लागेल काय, हे आधीच विचारून घेणे इष्ट. डॉक्टरने शुल्काची पावती दिली पाहिजे, असे मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. आरोग्य विमा असल्यास हिशेबात तीही धरावी. ज्या पॉलिसीत डॉक्टरांच्या सल्ल्याचा खर्च मिळतो, तीत दूरस्थ सल्ल्याचाही समावेश करावा, अशी सूचना विमा नियामक प्राधिकरणाने जून २०२० मध्ये विमा कंपन्यांना दिली आहे.

खर्चाची तुलना

केवळ शुल्क पाहून पर्याय स्वस्त की महाग हे ठरवता येत नाही. उदाहरणादाखल असे समजू की, मधुमेहाचा एक रुग्ण पत्नीसह जिल्हा रुग्णालयात जातो. एस. टी.चे एका वेळचे पूर्ण भाडे ६० रुपये आहे. मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे भाडे पडत असल्याने दोघांचा जाण्यायेण्याचा खर्च १८० रुपये होतो. प्रत्येकी ३०० रुपयांची मजुरी बुडाली तर एकूण भार ७८० रुपयांवर जातो. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क झाले असले, तरी हा भार चुकत नाही. तोच रुग्ण उपकेंद्रातून सल्ला घेईल, तर अर्ध्या दिवसाच्या मजुरीचे १५० रुपये बुडतील. बचत ६३० रुपयांची.

याच हिशेबाची दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. रुग्णाने खाजगी दृक्‌श्राव्य सल्ल्यास ३०० रुपये दिले आणि डॉक्टरने शेवटी ‘समक्ष तपासणी आवश्यक आहे’ असे सांगितले, तर ७८० रुपयांचा प्रवास टळत नाहीच. एकूण खर्च १,०८० रुपये होतो. म्हणून प्रथम विचार करावयाचा तो हा की, या दुखण्यास हाताने तपासण्याची गरज आहे काय? पोटातील गाठ, सतत वाढणारी वेदना, गरोदरपणातील तक्रार यांसाठी सरळ दवाखाना गाठणेच शहाणपणाचे. जुन्या आजाराचा पाठपुरावा, तपासणी-अहवालाचा अर्थ, अंगावरचा चट्टा दाखवणे किंवा आहारविषयक सल्ला यांसाठी दूरस्थ पद्धत पुरेशी ठरू शकते.

महत्त्वाचे नियम

१. सल्ला देणारा डॉक्टर वैद्यक परिषदेकडे नोंदलेला असला पाहिजे आणि त्याचा नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर असला पाहिजे. महाराष्ट्रात ही नोंदणी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे होते. अन्य राज्यात नोंदलेल्या डॉक्टरासही दूरस्थ सल्ला देता येतो.

२. रुग्णाने स्वतः संपर्क साधला तर त्याची संमती गृहीत धरली जाते. आरोग्य कर्मचारी, नातेवाईक किंवा डॉक्टर यांनी आरंभ केल्यास रुग्णाची स्पष्ट संमती घेऊन ती नोंदवावी लागते. अज्ञान मुलाच्या सल्ल्यावेळी प्रौढ व्यक्ती सोबत असणे आवश्यक आहे.

३. ताप, जुलाब यांवरील पॅरासिटामॉल व क्षारसंजीवनी यांसारखी साधी औषधे कोणत्याही माध्यमातून सांगता येतात. काही तुलनेने सुरक्षित औषधे प्रथम भेटीत देण्यास दृक्‌श्राव्य माध्यम आवश्यक असते. चालू उपचारात भर घालणारी औषधे केवळ पाठपुराव्याच्या भेटीतच देता येतात. पाठपुरावा म्हणजे त्याच डॉक्टरने त्याच आजारासाठी मागील सहा महिन्यांत समक्ष तपासलेले असणे. गुंगी आणणारी व व्यसन जडवणारी औषधे, काही अपवाद सोडल्यास, या पद्धतीने देता येत नाहीत.

४. यंत्राने किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेने स्वतः सल्ला देणे अथवा औषध लिहून देणे यास मनाई आहे. ती डॉक्टरची मदतनीस असू शकते. निर्णय डॉक्टरचाच असला पाहिजे.

५. समक्ष तपासणी हवी असल्यास डॉक्टरने तसे स्पष्ट सांगावे. प्रवास करून भेटण्यास तयार असलेल्या रुग्णावर दूरस्थ सल्ल्याची सक्ती करता येत नाही.

जेथे फोनवर वेळ दवडू नये

सर्पदंश, छातीत कळ येणे, बेशुद्धी, अपघात, बाळंतपणातील रक्तस्राव आणि लहान मुलास लागलेली धाप या प्रसंगी टोकनाची वाट पाहणे जिवावर बेतू शकते. अशा वेळी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. आणीबाणीत दूरस्थ सल्ल्याचे काम प्रथमोपचार सांगणे आणि रुग्णास लवकरात लवकर रुग्णालयात धाडणे, एवढेच आहे.

गावाने करावयाचे काम

साधन कितीही चांगले असले, तरी ते वापरात येण्यासाठी स्थानिक पुढाकार लागतो. ग्राम आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीने उपकेंद्रातील वीज व इंटरनेट जोडणी सुस्थितीत आहे काय, सल्ल्याच्या वेळेची पाटी लावली आहे काय आणि रुग्णास मोकळेपणाने बोलता येईल असा आडोसा आहे काय, याची पाहणी करावी. आशा कार्यकर्तीने रुग्णासोबत जुने कागद, चालू औषधांची पाकिटे आणि तपासणी-अहवाल नेण्याची सवय लावावी. शिक्षकांनी वृद्ध पालकांना मोबाइलवरील चिठ्ठी वाचून दाखवावी. मात्र रुग्णाचा ओळख-संकेतांक इतर कोणाच्या हाती जाऊ नये, याची दक्षता घ्यावी.

दूरस्थ सल्ला हा दवाखान्याला पर्याय नाही. दवाखान्यापर्यंत जाणारा तो एक रस्ता आहे. उपकेंद्रात परिचारिका नसेल, औषधाचे कपाट रिकामे असेल, तर पडद्यावरच्या तज्ज्ञाचा सल्ला कागदावरच राहील. या दोहोंचा मेळ ज्या गावात बसेल, तेथे एका दिवसाच्या मजुरीपायी उपचार टाळण्याची पाळी सामान्य माणसावर क्वचितच येईल.