कुळीचा दाखला

चि. ताईस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे सविस्तर पत्र पोचले. दवाखाना थाटून वर्ष होते न होते तोच लोक कुत्र्याबरोबर त्याच्या डीएनए तपासणीचे छापील अहवालही तुझ्या टेबलावर आणून ठेवू लागले आहेत आणि त्या अहवालांचा मुलाहिजा कितपत राखावा याविषयी तुझ्या मनात संदेह उत्पन्न झाला आहे, हे वाचून मला समाधान वाटले. कारण कागदावरचा मजकूर आणि समोर उभे असलेले जनावर यांत विसंगती दिसताच जो थांबून विचार करतो, तोच पशुवैद्य पुढे लोकांच्या भरवशाचा होतो. तपासणी करण्यापूर्वी तिच्यापुढे प्रश्न काय ठेवला आहे आणि उत्तर आल्यावर आपल्या हातून कोणते कृत्य वेगळे घडणार आहे, हे मालकाकडून वदवून घेण्याचा शिरस्ता तू आतापासूनच घालून घे, एवढेच मला मुख्यतः सांगावयाचे आहे.

तुझ्या दोन प्रकरणांपैकी सोपे आधी घेतो. रस्त्यावरून उचलून आणलेल्या त्या पिवळसर पिलाच्या अहवालात लॅब्राडोरपासून चाऊ चाऊपर्यंत पाच-सहा विलायती जातींची वाटणी दाखविली आहे आणि त्या तरुण जोडप्याचा त्यावर पूर्ण विश्वास बसला आहे, असे तू लिहितेस. प्रयोगशाळा करते ते असे, की गालाच्या आतून आलेल्या पेशींतील डीएनए काढून त्यावरील हजारो ठराविक खुणा वाचते आणि आपल्या दफ्तरी नोंदलेल्या जातींच्या खुणांशी त्यांची रुजुवात घालते. या पद्धतीचे सामर्थ्य थोडे नाही. अमेरिकेतील संशोधकांनी २००४ साली ८५ जातींच्या ४१४ कुत्र्यांवर प्रयोग केला, तेव्हा केवळ डीएनएवरून शंभरातील नव्व्याण्णव कुत्री आपापल्या जातीत अचूक लावता आली. परंतु ती शुद्ध वंशाची कुत्री होती आणि त्यांच्या जाती दफ्तरात हजर होत्या. आपल्याकडचे गावकुत्रे हे या जातींच्या सरमिसळीतून जन्मलेले नाही; आज नावारूपास आलेल्या बहुतेक विलायती जाती गेल्या दोनएकशे वर्षांत माणसाने निवडून निवडून पक्क्या केल्या (लंडनचा केनेल क्लबच मुळी १८७३ सालचा) आणि गावकुत्र्यांची वस्ती त्याहून कितीतरी जुनी आहे. ज्या दफ्तरात या कुळीची नोंदच नाही त्याच्याकडे निवाडा मागितला, तर ते जवळात जवळची नावे गोळा करून पुढे करणारच. आपल्या कारवानी वा पश्मी कुत्र्यांचीही तीच गत होईल. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने मुधोळ, राजापालयम आणि चिप्पीपराई या जातींची अधिकृत नोंद केली तीदेखील २०२० साली. काही प्रयोगशाळांनी आता ग्रामश्वान असा स्वतंत्र वर्ग ठेवला आहे. तेव्हा अहवाल हाती येताच ती सोय तेथे होती की नाही याची खातरजमा करावी आणि नसेल तर त्या जोडप्याला स्पष्ट सांगावे, की तुमचे पिलू परक्या जातींचे उरलेसुरले नसून याच मातीतल्या एका प्राचीन वंशाचे आहे. हे सांगताना तुझ्या स्वरात दयेचा लवलेशही नसावा.

नमुना घेण्याचे काम कंपाउंडरवर सोपवू नकोस. अर्धा तास आधी कुत्र्याच्या तोंडात काही जाऊ देऊ नये, दुसरे कुत्रे त्याचे तोंड चाटणार नाही असे त्याला निराळे ठेवावे, बोळा गाल आणि हिरडी यांच्यामध्ये घालून सावकाश फिरवावा आणि वाळल्यावाचून पाकिटात बंद करू नये. अंगावर पिणारे पिलू असेल तर आईच्या पेशीही त्याच्या तोंडात सापडतात, हे ध्यानात असू दे.

आता जेथे या तपासणीने वैद्याची कृती खरोखरच बदलते असे उदाहरण सांगतो. कोली आणि तत्सम मेंढपाळ कुत्र्यांत एमडीआर१ नावाच्या जनुकातील डीएनएची चार अक्षरे गळालेली आढळतात. त्यामुळे मेंदूत शिरू पाहणारी औषधे बाहेर लोटणारा प्रथिनांचा पंप तयारच होत नाही. हे मूळ कारण वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातील कॅट्रिना मीली यांनी २००१ साली उघडकीस आणले. हृदयकृमी होऊ नये म्हणून आयव्हरमेक्टिन द्यावयाचे ते वजनाच्या दर किलोस ६ मायक्रोग्रॅम या बेताने, आणि तेवढे या कुत्र्यांनाही सोसते. परंतु खरजेवर ते ३०० ते ६०० मायक्रोग्रॅमपर्यंत जाते, आणि त्या मात्रेने कोलीच्या रक्ताचे कुत्रे थरथरू लागते, आंधळे होते, बेशुद्ध पडते, प्रसंगी दगावते. आपल्याकडे गोचिडांवर आणि खरजेवर आयव्हरमेक्टिनची सुई बिनदिक्कत टोचली जाते. घरच्या कपाटात जुलाबावर म्हणून ठेवलेली लोपेरामाइडची गोळीही अशा कुत्र्याला तितकीच घातक. म्हणून कोलीचा नुसता संशय आला तरी आधी ही तपासणी करून घ्यावी, आणि तोवर दुसरे औषध वापरावे. येथे अहवाल आणि सुई यांच्यामध्ये संदिग्धतेला जागा नाही, आणि येथे होणारा खर्च मालकाकडून आग्रहाने करवून घेण्यात तुला संकोच वाटता कामा नये.

दुसरे प्रकरण मात्र माझ्या मनातून जात नाही. अकरा वर्षांच्या जर्मन शेफर्डचे मागचे पाय ओढले जातात, अहवालात एसओडी१ जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष निघाल्या आहेत, आणि त्यावरून मज्जारज्जूचा ऱ्हास सुरू झाला असे ठरवून मालक दयामरणाची भाषा बोलू लागले आहेत. ताई, या कागदावर असा हुकूम लिहिलेला नाही. या जनुकाचा आणि मज्जारज्जूच्या या ऱ्हासाचा, म्हणजे डीजनरेटिव्ह मायलोपॅथीचा, संबंध २००९ साली सिद्ध झाला हे खरे; परंतु दोन्ही प्रती सदोष असूनही आयुष्यभर त्या रोगाचे नाव न घेणारी कुत्री पुष्कळ असतात, आणि रोगाची निश्चिती तर मरणोत्तर मज्जारज्जू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यानेच होते. जिवंतपणी वैद्याने करावयाचे ते इतर सर्व कारणे एकेक करून बाद करण्याचे काम. २०१८ साली ‘नेचर’ नियतकालिकात लिसा मोझेस आदी तिघांनी पेटुनिया नावाच्या १३ वर्षांच्या पग कुत्रीची हकीकत प्रसिद्ध केली आहे. तिचेही पाय असेच गेले, तपासणीत हीच सदोष प्रत निघाली, आणि धन्याने तिला चिरनिद्रा दिली. तिचा विकार कदाचित बरा होण्याजोगा दुसराच कणाविकार असेल, ही शक्यता राहूनच गेली.

म्हणून त्या शेफर्डला पुन्हा बोलाव. त्याच्या मागच्या पंजाची पाठ जमिनीला टेकवून तो किती वेळात सरळ करतो ते पाहा; नखे कोठल्या बाजूने झिजली आहेत ते पाहा; कण्यावरून बोटे दाबत ने आणि तो कोठे अंग चोरतो याची नोंद घे. कळ असेल तर ती मणक्यांमधल्या चकतीकडे बोट दाखविते. मात्र कळ नाही म्हणून चकती निर्दोष ठरली असे समजू नकोस. या जातीत कमरेच्या खुब्याचा दोषही फार, आणि तो अनेक जनुकांचा मिळून होत असल्याने त्याचा निवाडा क्ष-किरणानेच होतो, डीएनएने नव्हे. एवढे सारे तपासून अखेरीस मज्जारज्जूचाच ऱ्हास निघाला, तरी तो रोग वेदनारहित असतो आणि महिनोन्‌महिने हळूहळू पसरतो. घसरत्या फरशीवर सतरंजी, कमरेखालून आधाराचा पट्टा आणि रोजचा नेमस्त व्यायाम यांनी जनावराचे दिवस सुखाचे करता येतात.

पैदास करणारे लोक तुझ्याकडे येतील तेव्हा एवढेच सांग, की एकच सदोष प्रत असलेले जनावर रोगी नसते आणि त्याला निर्दोष जोडीदार दिला तर असल्या अप्रभावी दोषाची पिले रोगी निपजत नाहीत. अशा सर्वांनाच वंशातून काढून टाकले तर आधीच आकसलेला वंश अधिक आकसतो. डाल्मेशियन जातीत मूत्राम्लाचा दोष इतका सार्वत्रिक होता, की रॉबर्ट शायबल यांना १९७३ साली बाहेरच्या पॉइंटर कुत्र्याचे रक्त त्यात आणावे लागले, आणि त्या निरोगी संततीला अमेरिकन केनेल क्लबने मान्यता दिली ती २०११ साली. शुद्धतेच्या अभिमानापायी जनावरांनी मुतखडे सोसावेत हे मला कधीही मान्य झालेले नाही.

शेफर्डच्या कण्याच्या आणि खुब्याच्या क्ष-किरण पट्ट्या मिळताच मला पाठव. एमआरआयचा खर्च मालकांना झेपत नसेल तर तसेही लिही, म्हणजे निदान औषधांच्या क्रमाविषयी आपल्याला विचार करता येईल. तोवर त्या गृहस्थांनी घाई करू नये, हे त्यांना आजच जाऊन सांग. फोनवर सांगू नकोस.

आईस नमस्कार.

तुझा,
काका