तणमोराचे रक्षण आणि ग्रामस्थ

उज्जैन विभागातील रतलाम जिल्ह्यात, सैलान्याच्या गवताळ माळांवर पावसाळ्यात तणमोर विणीसाठी येतो. तेथील लोक त्यास ‘खरमोर’ म्हणतात. भारतातील माळढोक-कुळात हा सर्वांत लहान पक्षी होय. काळाभोर नर गवतातून वारंवार उंच उडी घेऊन मादीस आकृष्ट करतो. मादी जमिनीवरच ३ ते ५ अंडी घालते.

पूर्वी ही उडीच शिकाऱ्यास नराचा ठावठिकाणा सांगत असे. पुढे माळराने नांगराखाली गेली, चराई वाढली आणि घरटी तुडविली जाऊ लागली. आज हा पक्षी अतिसंकटग्रस्त गणला जातो.

डॉ. सालिम अली यांच्या सूचनेवरून १९८३ मध्ये सैलाना अभयारण्य स्थापन झाले. परंतु पक्षी अभयारण्याची सीमा ओळखत नाही. तो सोयाबीनच्या शेतातही उतरतो. म्हणून पक्षी आढळल्याची वर्दी देणाऱ्या व घरटे राखणाऱ्या शेतकऱ्यांस बक्षीस देण्याची योजना मध्यप्रदेश वनविभागाने २००५ मध्ये सुरू केली. महाराष्ट्रात अकोला-वाशीम भागात पिढ्यान्‌पिढ्या फास लावणारे फासेपारधी बांधव आज तणमोराचे माळ राखीत आहेत. पक्ष्याच्या सवयींचे त्यांचे ज्ञान येथे संरक्षणाच्या कामी आले.

यावरून ध्यानात घ्यावयाचे ते असे : पिले उडती होईपर्यंत गवत कापू नये, तेथे गुरे व कुत्री सोडू नयेत, शेतात कीटकनाशकांचा वापर बेताने करावा आणि घरटे दिसल्यास त्याजवळ न जाता वनरक्षकास कळवावे. शिक्षकांनी ही माहिती विद्यार्थ्यांमार्फत घरोघरी पोहोचवावी. ज्याच्या शेतात घरटे, तोच त्याचा पहिला राखणदार होय.