नगरांची रात्र

सूर्य मावळला म्हणजे रात्र होते, हे सर्वत्र सारखेच. परंतु नगराची रात्र केव्हा सुरू होते आणि ती कोणाच्या वाट्याला येते, हे देशोदेशी वेगळे असते. तीन उदाहरणे पाहू.

स्पेनमधील माद्रिद ग्रिनिचच्या पश्चिमेस आहे. तरीही १९४० मध्ये तेथील घड्याळे एक तास पुढे करून मध्य युरोपच्या वेळेशी जुळविण्यात आली. परिणामी भर उन्हाळ्यात तेथे रात्री साडेनऊनंतर सूर्यास्त होतो. जेवणे दहाच्या सुमारास होतात आणि मध्यरात्री चौकांत तरुणांबरोबर वृद्ध व मुलेही दिसतात.

इंग्लंडची रात्र कायद्याने घडविली. पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याच्या कारखान्यांतील कामगार सकाळी शुद्धीवर असावेत, म्हणून १९१५ मध्ये मद्यगृहांच्या वेळांवर कडक बंधने आली. युद्ध संपले, बंधने उरली. रात्री अकराच्या सुमारास दारे लावण्याचा नियम २००३ च्या कायद्याने शिथिल झाला आणि तो बदल नोव्हेंबर २००५ पासून अमलात आला.

तिसरे उदाहरण जबलपूरचे. १८७० मध्ये मुंबई व कलकत्ता यांच्याकडून आलेले लोहमार्ग येथे जुळले. १९०४ मध्ये तोफांचे गाडे बनविणारा कारखाना निघाला. रेल्वे आणि कारखाना यांनी या नगराला कामाची रात्र दिली. दुसरी रात्र नर्मदेची : ग्वारीघाटावरील सायंकाळची आरती, शरद पौर्णिमेला भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांवर पडणारे चांदणे. दुर्गापूजेच्या दिवसांत तर मूर्ती पाहण्यासाठी कुटुंबेच्या कुटुंबे उशिरापर्यंत रस्त्यांवर असतात.

येथे एक प्रश्न उभा राहतो. उत्सवात निर्धास्तपणे हिंडणारी स्त्री एरवी त्याच वेळी, त्याच रस्त्याने एकटी का जात नाही? १९४८ च्या कारखाने अधिनियमाने स्त्रियांना सायंकाळी ७ ते सकाळी ६ या वेळेत कामावर ठेवण्यास सामान्यतः मनाई केली होती. हेतू संरक्षणाचा होता. परंतु त्याबरोबर रात्रपाळीचा रोजगारही पुरुषांकडेच राहिला. रस्ता सुरक्षित करण्यापेक्षा स्त्रीला घरी ठेवणे सोपे वाटले. उत्सवातील गर्दी मात्र दाखवून देते की, भय अंधाराचे नसून निर्मनुष्यतेचे असते. म्हणून नगराच्या रात्रीचे मोजमाप दुकाने किती वाजेपर्यंत उघडी असतात यावरून न करता, कामावरून एकटे परतणारे माणूस निर्भयपणे घरी पोहोचते की नाही, यावरून करावे.