इतिहासाचा तास कुणाला दिला?

गावाच्या पाणीपुरवठा योजनेत पाइप टाकणं अवघड नसतं. उद्भव विहिरीची जागा भूजलवाले सुचवतात, टाकीची उंची लेव्हल घेऊन ठरते, माणशी रोज 55 लिटर हा जलजीवन मिशनचा हिशेब तयारच असतो. अवघड असतं ते ग्रामसभेत उभं राहून लोक नेमकं काय म्हणताहेत हे उमगणं. या कामात माझी सगळी नोकरी गेली. हाताखाली हुशार, कष्टाळू मुलं आली, पण ग्रामसभेत बरीच जण अडखळायची. त्याचं कारण मला त्यांच्या इंजिनियरिंग कॉलेजात सापडलं नाही, ते आठवी-नववी-दहावीच्या वर्गांत सापडलं. ज्यांची मुलं आज त्या वर्गांत बसली आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

माणदेशातल्या एका गावची योजना आमच्या तरुण कनिष्ठ अभियंत्यानं आखली होती. आकडेमोड चोख होती. टाकी गावठाणाच्या वरच्या अंगाला, तिथून मुख्य वाहिनी देवळापासून पेठेतून उतरत जायची आणि बौद्धवस्तीत संपायची. वस्ती सगळ्यांत सखल जागी, त्यामुळे कागदावर तिथं दाब भरपूर होता. हिवाळा बरा गेला. उन्हाळा लागला तशा वरच्या घरांनी नळांना मोटरी जोडल्या आणि वस्तीतले नळ कोरडे पडले. वस्तीनं पाणीपट्टी भरणं थांबवलं, तर ग्रामपंचायतीनं थकबाकीच्या नोटिसा धाडल्या. शेवटी ग्रामसभा लागली.

वस्तीतले एक वयस्कर गृहस्थ उठले. आमची पाळी कायम शेवटची का, एवढंच त्यांनी विचारलं. आमच्या अभियंत्यानं उतार, पाइपचा व्यास, पाण्याचा दाब, मोटरी लावणं कसं नियमबाह्य आहे, सगळं सांगितलं. त्यातलं एक वाक्यही खोटं नव्हतं. गृहस्थ सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "साहेब, महाडलाही ठराव आधीच झाला होता." आणि खाली बसले. पाठोपाठ वस्तीतली माणसं सभेतून निघून गेली.

परतताना जीपमध्ये त्या मुलानं मला विचारलं, "सर, महाडला कसला ठराव?"

चवदार तळं त्याला माहीत होतं. 'जोड्या लावा'मध्ये येऊन गेलं होतं. अ गटात चवदार तळे, ब गटात महाड. त्याचा गुणही मिळाला होता. त्यापलीकडे काही कुणी सांगितलंच नव्हतं. मी खोदून विचारलं तेव्हा कळलं, की त्याच्या शाळेत नववीपासून इतिहास-भूगोलाचे तास गणित आणि विज्ञानाला देऊन टाकले होते. सामाजिक शास्त्रांचा अभ्यास म्हणजे सराव परीक्षेच्या तोंडावर वाटलेला प्रश्नसंच. सहापैकी सर्वाधिक गुणांचे पाच विषय धरायची पद्धत 2010 साली आली, तेव्हापासून कितीतरी घरांत सहावा विषय कोणता सोडायचा हे दहावीच्या सुरुवातीलाच ठरतं, आणि बहुतेक वेळा बळी जातो तो हाच. मुलाचा यात काहीही दोष नव्हता. मोठ्यांनी त्याच्या हातून एक विषय काढून घेतला होता.

त्या संध्याकाळी मी त्याला महाड सांगितलं. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात 1923 साली मंजूर झाला. 1924 मध्ये महाडच्या नगरपालिकेनं तो आपल्यापुरता स्वीकारला. कागद पूर्ण झाले, पण तळ्यावर कुणाला जाता येईना. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह चालत तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्यानंतर त्यांच्यासोबतच्या लोकांवर हल्ले झाले, तळ्याचं 'शुद्धीकरण' झालं, प्रकरण कोर्टात गेलं. उच्च न्यायालयाचा निकाल बाबासाहेबांच्या बाजूनं लागायला 1937 साल उजाडलं. म्हणजे ठरावापासून निकालापर्यंत चौदा वर्षं. त्या गृहस्थांनी एका वाक्यात हे सगळं आमच्यापुढे ठेवलं होतं: तुमची योजना मंजूर आहे, पूर्णही आहे, आणि पाणी आमच्यापर्यंत नाही. इतका नेमका तांत्रिक शेरा मी कुठल्याही तपासणी अहवालात वाचलेला नाही.

वस्तीसाठी टाकीपासून वेगळी वाहिनी आणि वेगळा व्हॉल्व्ह, आणि पाणी सोडण्याची सुरुवात एक दिवस वरून, एक दिवस खालून. एवढ्यानं प्रश्न सुटला. खर्च मूळ अंदाजपत्रकात सहज बसला असता. आखणीच्या वेळी कुणाला तरी सुचायला हवं होतं, की गावाच्या नकाशावर शेवटी कोण येतं हे फक्त उतारानं ठरलेलं नसतं.

भूगोलाचंही तेच. आपल्या पायाखाली बेसॉल्ट आहे. पाणी त्याच्या झिजलेल्या थरांत आणि भेगांत असतं, म्हणून शंभर पावलांवरच्या दोन विहिरींत एक भरलेली आणि एक कोरडी असू शकते. सह्याद्रीच्या पूर्वेला पर्जन्यछायेचा पट्टा का आहे, हे ज्याला चौदाव्या वर्षी नीट कळलं, तो पुढे बोअरची जागा निवडताना घाई करत नाही.

पालकांना माझं पहिलं सांगणं, की दहावीची पुस्तकं स्वतः उघडून बघा. 2018 साली आलेल्या इतिहासाच्या पुस्तकात लढायांची जंत्री नाही. इतिहास कसा लिहिला जातो, प्रसारमाध्यमं, खेळ, पर्यटन, ऐतिहासिक ठेव्यांचं जतन असे धडे आहेत. 'उपयोजित इतिहास' नावाचा एक स्वतंत्र धडा आहे. राज्यशास्त्रात निवडणूक प्रक्रिया आहे, चळवळी आहेत. भूगोलात भारत आणि ब्राझील शेजारी ठेवून अभ्यासायचे आहेत, आणि सुरुवातच क्षेत्रभेटीपासून आहे. ही पुस्तकं पाठांतरासाठी लिहिलेलीच नाहीत. स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांत पंचविशीतली मुलं हीच राज्य मंडळाची पुस्तकं विकत आणून पुन्हा पहिल्यापासून वाचताना मी पाहिली आहेत. तेव्हा मात्र त्यांच्याजवळ वर्गही नसतो आणि शंका विचारायला शिक्षकही नसतात.

दुसरं, मुलाला घरातल्या आजीकडे वही घेऊन बसवा. गावात कुठल्या पाणवठ्यावर कोण जायचं, कोण जात नव्हतं, ते कधी बदललं, कुणामुळे बदललं, हे विचारू द्या. दुसऱ्या आळीतल्या आजीलाही तेच विचारू द्या. दोन उत्तरं जुळणार नाहीत. ती का जुळत नाहीत हे शोधायला लागलं, की मूल इतिहास शिकू लागलं. पुढे बातमी वाचताना, मोबाइलवर आलेला मजकूर पुढे ढकलण्याआधी, हे कुणी सांगितलं आणि त्याला ते कुठून दिसत होतं, असं विचारायची सवय इथूनच लागते. नंतर ती लावायला कुणी येत नाही. इंजिनियरिंगच्या अभ्यासक्रमात मला ती दिसली नाही.

ग्रामसभेला जाताना मुलांना सोबत न्या, मागे बसून ऐकू द्या. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते, तिथं आईनं मुलीला न्यावं. राज्यशास्त्राचा धडा तिथं समोर घडत असतो.

विज्ञान-गणित कमी करा असं मी म्हणत नाही; माझी भाकरी त्याच्यावरच आहे. पण चांगले गुण मिळवून एखादी मुलगी कला शाखेत जाते म्हणाली, तर घरात सुतक धरू नका. आमच्यासारख्या खात्यांना तिची गरज आहे, हे मी अनुभवानं सांगतो.

आणि पुढच्या पालकसभेत टक्केवारीच्या आधी वर्गाचं वेळापत्रक मागा. इतिहास-राज्यशास्त्र आणि भूगोलाचे आठवड्याला किती तास आहेत, ते खरोखर होतात का, कोण घेतं, त्या शिक्षकांचा तो विषय आहे का, क्षेत्रभेट झाली का आणि कुठं झाली, हे विचारा. तास दुसऱ्या विषयाला दिले असतील, तर परत मागा. एकट्यानं विचारलं तर उत्तर टाळलं जाईल, म्हणून चार पालकांना सोबत घेऊन लेखी द्या आणि पोच घ्या.