सुबाभूळ: तोडणं सोपं, घालवणं अवघड

सुबाभूळ तोडायला एक सकाळ पुरते. ती परसातून घालवायला मात्र काही पावसाळे द्यावे लागतात.

आम्ही घर घेतलं तेव्हा मागच्या कुंपणालगत एक उंच सुबाभूळ उभी होती. आधीच्या मालकांनी शेळ्यांच्या पाल्यासाठी ती लावली होती. त्या काळी ते रीतसरच होतं. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचं हे झाड 1970-80 च्या दशकांत चारा, सरपण आणि उघडे माळ हिरवे करण्यासाठी आपल्याकडे मुद्दाम पसरवलं गेलं. उरुळी कांचनच्या ‘बाएफ’ या संस्थेनं त्याचा मोठा प्रसार केला. पुढे जगातल्या शंभर उपद्रवी परक्या प्रजातींच्या यादीत याच झाडाचं नाव आलं.

तोडणाऱ्यानं झाड गुडघ्याइतकं ठेवून कापलं. पाऊस पडताच खुंटाला धुमाऱ्यांचा झुबका फुटला, आणि सावली हटलेल्या जमिनीवर मेथीच्या वाफ्यासारखी दाट रोपं उगवली. धुमारे छाटावेत, तर आणखी जोमानं यायचे. चाऱ्यासाठी हे झाड निवडलं गेलं ते याच गुणामुळे, हे तेव्हा नीट उमगलं.

म्हणून पहिलं काम खुंटाचं. नवे फुटवे बहुतेक खोड आणि मूळ जिथे जुळतात त्या भागातून येतात. जमिनीलगत कापून थांबू नका. भोवती खणून तो जोड पहार-कुऱ्हाडीनं काढून टाका. भिंत किंवा पाइप जवळ असल्यानं खणता येत नसेल, तर दिसेल तो फुटवा कोवळा असतानाच मोडत राहा. पानं धरू दिली नाहीत, तर मुळातला साठा हळूहळू संपतो.

दुसरं काम बियांचं, आणि खरी चिकाटी इथेच लागते. एकटं झाडही स्वतःच्या परागांवर शेंगा धरतं. बियांचं कवच इतकं टणक असतं की रोपवाटिकेत त्या रुजवण्यासाठी आधी गरम पाण्यातून काढतात. मातीत पडलेल्या बिया म्हणूनच एकदम उगवत नाहीत, वर्षानुवर्षं थोड्याथोड्या उगवत राहतात. तेव्हा झाड तोडायचं ते शेंगा हिरव्या असताना. तपकिरी झाल्या असतील, तर खाली ताडपत्री अंथरा. शेंगा खतखड्ड्यात टाकू नका, नाहीतर खताबरोबर त्या सगळ्या वाफ्यांत पोचतील.

रोपं वीतभर असताना, जमीन ओली असताना उपटा. तेव्हा सोटमूळ अख्खं निघतं. हंगाम हुकला की तेच रोप कुदळीलाही दाद देत नाही. विळ्यानं वरचेवर कापून परस स्वच्छ दिसतं, पण जमिनीखाली मूळ जाड होत राहतं. मोकळ्या जागेवर पाल्याचा जाड थर द्या आणि लगेच दुसरं काही लावा. आम्ही हादगा आणि कढीपत्ता लावला.

तोडलेल्या सुबाभळीचा पाला वाया घालवू नका, शेळ्या तो आवडीनं खातात. मात्र त्यात मिमोसिन नावाचं विषारी द्रव्य असतं, त्यामुळे इतर चाऱ्यात मिसळून, बेतानंच द्यावा. घोड्या-गाढवांना देऊ नये, त्यांचे केस गळतात.

शहरात राहत असाल तर मोठ्या झाडाला हात लावण्याआधी पालिकेच्या उद्यान विभागात अर्ज करा. झाड उपद्रवी आहे आणि आपल्याच आवारात आहे, एवढ्यावर 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्यातून सुटका होत नाही.

आणि कुंपणापलीकडे पाहा. शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर शेंगांनी लगडलेली सुबाभूळ असेल, तर आपल्या परसातली मेहनत दरवर्षी पुन्हा करावी लागेल. त्या मालकाला गाठा, खर्च निम्मा वाटून घ्या आणि दोन्हीकडची झाडं एकाच वेळी काढा.