मेंढा निवडताना घाई नको

ताईंनो, गटाचं कर्ज काढून मेंढ्या घेताना आपण दहा वेळा पारखतो. मेंढा मात्र घरात उरलेला असेल तोच चालवतो. व्यापारी आला की जोमदार नर आधी विकला जातो, मागं राहतो तो किरकोळ. पुढची सगळी कोकरं त्याचीच! मेंढीतला दोष तिच्या एक-दोन कोकरांत दिसतो, मेंढ्यातला अख्ख्या कळपात.

मेंढा घेताना हे बघा :

१. वय : दीड ते दोन वर्षं. तोंड उघडून बघा, दोन किंवा चार पक्के दात हवेत.

२. अंग : छाती रुंद, पाठ सरळ. चालवून बघा, लंगडत नाही ना?

३. वृषण : दोन्ही सारखे, खाली उतरलेले, हाताला घट्ट. गाठ किंवा सूज नको. यात लाजू नका, मुख्य तपासणी हीच.

४. आई : दूध भरपूर होतं का, जुळी झाली होती का, मालकाला विचारा.

मेंढा शक्यतो दुसऱ्या कळपातला आणा आणि दोन वर्षांनी बदला. नाहीतर त्याच्याच लेकी त्याच्याकडून गाभण राहतात. कोकरं अशक्त निपजतात, मरतुक वाढते.

नवा मेंढा आणल्यावर पंधरा-वीस दिवस वेगळा बांधा, जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा, मगच कळपात सोडा.

२५ ते ३० मेंढ्यांना एक मेंढा पुरतो. प्रत्येकीकडं पाच-सहाच मेंढ्या असतील तर चौघी-पाचजणींनी मिळून एक चांगला घ्या. येत्या बैठकीत हा विषय नक्की काढा.